कोंडीबाकाकांच्या नावानं मागवलेलं पुस्तक

त्रिरत्न फोटो स्टुडिओ,
माधवनगर (सांगली)
१२ सप्टेंबर १९९९

चि. प्रियंका हीस,
दादांचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण ती बसत नाही. पायलची कॉलेजात हजेरी बरी आहे, अभ्यासाचं तिलाच ठाऊक. साताऱ्याला तुझी खोली बदलायची होती, ती बदललीस का ते कळव.

पत्रास कारण की, कुपवाडच्या एका कारखान्यात साहेबांनी परदेशातून नवा कॅमेरा आणला आहे. त्यात रोल घालायचा नाही, फ्लॉपी घालायची, आणि फोटो थेट कॉम्प्युटरमध्ये जातो. त्याला डिजिटल म्हणतात. कारखान्यातल्या तीनशे बारा कामगारांची ओळखपत्रं त्यावर करायची आहेत. हे काम साहजिकच माझ्याकडे आलं आहे. सरावासाठी कॅमेरा सध्या माझ्याजवळच आहे.

माझं त्यात काही अडत नाही. कॅमेरा तो कॅमेरा. पण आपल्या शेजारचे चौकटीवाले कोंडीबा त्या कॅमेऱ्याबद्दल सारखं विचारून मला बेजार करतात. त्यांना शिकवत बसायला मला सवड नाही. तू ग्रंथालयात आहेस, पुस्तकांतलं तुला कळतं. तरी त्यांच्यासाठी या विषयावरचं सुरुवातीचं एखादं पुस्तक बघून ठेव. फार प्राथमिक नको, फार अवघड नको. चित्रं असावीत. कोंडीबांना इंग्रजी जेमतेम येतं. घाई नाही, पण लवकर पाठव.

तब्येतीला जप. तुझ्यावरचा लोभ सांगायला नकोच, तू तो गृहीत धरतेस हे मला माहीत आहे.

तुझे,
दादा

*

सातारा
१७ सप्टेंबर १९९९

तीर्थरूप दादांना,
प्रियंकाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. खोली बदलली. नव्या खोलीतून अजिंक्यतारा दिसतो आणि घरमालकीण चहाला हाक मारते, म्हणजे दोन्ही बाजूंनी माझं बरं चाललंय.

कोंडीबाकाकांना या वयात फोटोग्राफीचा नाद लागला हे वाचून मी चकित झाले. गेल्या दिवाळीत त्यांचा मोतीबिंदू काढला ना? शिवाय जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या फोटोंना चौकटी घातल्या, स्वतः एकही काढला नाही. आता एकदम डिजिटलच! त्यांना माझ्यातर्फे शाबासकी द्या.

आमच्याकडे पुण्याचे एक पुस्तकविक्रेते येतात. ते ग्रंथालयाला पुस्तकं पंधरा दिवस बघायला ठेवून जातात. पटलं तर घ्यायचं, नाही तर परत. त्यांच्याकडून या विषयावरची तीन पुस्तकं मागवून घेतली. मराठीत अजून एकही नाही. पहिलं उशीएवढं जाड आहे आणि त्यात पन्नास पानं उलटली तरी कॅमेरा येत नाही, नुसता कॉम्प्युटरच. दुसरं इतकं गुळगुळीत की हातातून निसटतं. त्यात तळी, घोडे, कुत्री आणि सूर्यास्त भरपूर. ते बघून सहलीला जावंसं वाटतं, शिकावंसं वाटत नाही. तिसरं बारीक आहे, कागदही साधा, पण ते मी अजून नीट वाचलेलं नाही.

निवड करायची तर वाचणाऱ्याला आधीचं काय येतं हे कळलं पाहिजे. तेव्हा कोंडीबाकाकांना नेमकं कुठं अडतंय, तेवढं त्यांना विचारून कळवा.

आईला गुडघ्याला शेक घ्यायला सांगा, आणि मी लोभ गृहीत धरते म्हणून रागवायचं असेल तर भेटल्यावर रागवा, पत्रातून नको.

तुमची,
प्रियंका

*

माधवनगर
२२ सप्टेंबर १९९९

माझे लाडके प्रियंका,
तुझ्या आईचा आशीर्वाद आन् जयभीम.

लिहितीय पायल, बोलतीय मी. तुझं दादा दुकानात हाईत तवर उरकून घेती.

आगं, कोंडीबाला कशाला मधी घ्यायचं? त्या बिचाऱ्याला ठावंबी न्हाई. पुस्तक तुझ्या दादांनाच पायजे हाय. गेल्या म्हैन्यात कारखान्यात धा माणसांचं फोटो काढून बघितलं. भिताडाला पांढराफेक चुना, त्याच्याफुडं एकेकाला हुबं केलं. कॉम्प्युटरात घातलं तर समद्यांची तोंडं काळीठिक्कर. डोळं कुठं, नाक कुठं, काय कळंना. तिथला कारकून हसला म्हणं, की कॅमेरा झ्याक हाय, माणसंच काळी हाईत, त्याला मास्तर तरी काय करणार. तुझ्या दादांनी ऐकून घेतलं आन् गप घरी आलं. दोन दिस नीट जेवलं न्हाईत. आपल्या माणसांच्या तोंडावरनं कुणी हसलं, आन् त्येबी ह्येंनी काढल्या फोटोवरनं, हे त्यांच्या लय जिव्हारी लागलंय.

साहेब म्हणलं, दिवाळी झाल्यावर परत एकडाव बघू. तवाबी असंच आलं तर कोल्हापूरचा कॉम्प्युटरवाला बोलवू. मग तुझ्या दादांनी दुकान कशाच्या जिवावर हुगडायचं? लग्नाचं फोटोबी आता पोरं काढाय लागल्यात.

आजून एक सांगती, पर हसू नगंस. त्या कॅमेऱ्यातली फ्लॉपी तुझं दादा काळ्या पिशवीत हात घालून काढत्यात. रोल काढायची ती पिशवी न्हाई का बाह्यांची, तीच. उजेड लागला तर फोटू जळतील म्हणून. साहेबाच्या हापिसातबी भर दुपारी पिशवी घिऊन बसलं. पायल हसली तर तिच्याशी बोलंनात.

तीस वर्सं सगळं माधवनगर ज्येला मास्तर म्हणतंय, त्यानं आता अ आ इ कुणाफुडं गिरवायची? म्हणून ह्यो कोंडीबाचा आडोसा. तुला कळलंय असं दावू नगंस. पर पुस्तक असलं बघ, की माझ्या माणसाची मान खाली जाणार न्हाई.

जेवत जा. माया हाय ती हायच, कागदावर किती लिवायची.

तुझी आई,
बनाबाई

(ताई, मी एकदाच हसले होते. पायल.)

*

सातारा
३० सप्टेंबर १९९९

तीर्थरूप दादांना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं उत्तर आलं नाही, पण पुस्तकाची निवड झाली. तिन्ही पुस्तकं मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. माझ्या वरिष्ठांना वाटलं, मी कसल्या परीक्षेला बसले आहे.

तिसरं, ते बारीक पुस्तक पाठवते आहे. ते का घेतलं ते सांगते. त्याचं प्रत्येक प्रकरण एका बिघडलेल्या फोटोनं सुरू होतं. आधी चूक दाखवतात, मग ती का झाली ते सांगतात, मग दुरुस्ती. तुम्ही स्वतः असंच शिकलात ना? डार्करूमच्या दाराला तुम्ही आपले वाया गेलेले फोटो टाचणीनं लावून ठेवायचात आणि आम्हाला हात लावू द्यायचा नाहीत. म्हटलं, हा लेखक आपल्या ओळखीतला दिसतो.

पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून पानोपानी मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. बटणांची नावं इंग्रजीतच ठेवली आहेत, कॅमेऱ्यावर तशीच असतील. कव्हर मळू नये म्हणून खाकी कागद घातला आहे. त्याखाली मोठ्या अक्षरांत छापलंय की हे पुस्तक नवशिक्यांसाठी आहे. कोंडीबाकाकांना ते वाचून वाईट वाटायला नको.

त्यांना चौथं प्रकरण सगळ्यात आधी दाखवा. त्यात एक चांगला गोरापान परदेशी माणूस बर्फात उभा आहे आणि त्याचा चेहरा तव्याच्या बुडासारखा काळा आला आहे. हा एक फोटो बघितला आणि बाकीची दोन पुस्तकं मी त्याच दुपारी परत केली.

एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. फ्लॉपीला उजेडाची भीती नाही, लोहचुंबकाची आहे. ती उघड्यावर काढली तरी चालते. त्यांनी ती कुठं काळ्या पिशवीत वगैरे काढली असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. ही चूक करायला माणसानं आयुष्यभर रोल सांभाळलेले असावे लागतात. ज्यानं कधी एक फोटो धुतला नाही, त्याला ती सुचणारसुद्धा नाही.

माझा लोभ पार्सलात बसला नाही, म्हणून पत्रातून पाठवते.

तुमची,
प्रियंका

*

माधवनगर
१० ऑक्टोबर १९९९

चि. प्रियंका हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुस्तक पोचलं. कोंडीबांना मी ते दिलेलं नाही. त्यांनी मागितलंच नव्हतं, आणि हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काळी पिशवी तुला कुणी सांगितली हे मी विचारणार नाही. घरात दोनच बायका आहेत आणि पार्सल आल्या दिवसापासून दोघीही फार गुणी वागताहेत.

खाकी कागद मी काढून टाकला. पुस्तक आता गल्ल्याशेजारी उघडं ठेवलेलं असतं. येणारं गिऱ्हाईक ते चाळतं आणि विचारतं की मास्तर, तुम्ही आता शिकताय व्हय? मी सांगतो, हो, शिकतोय. पहिल्या वेळी हे म्हणताना मी उगाच गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागलो. दुसऱ्या वेळी गिऱ्हाइकाकडं बघून म्हणालो.

बर्फातला तो गोरा माणूस मी तास-दीड तास बघत बसलो होतो. मग तुझी चिठ्ठी वाचली. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, त्याला फक्त एकूण उजेड कळतो. मागे पांढरं असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो डोळे बारीक करतो. त्यात चेहरा बुडतो, मग तो कुणाचा का असेना. प्रियंका, हे मला ठाऊक होतं गं! रोलच्या कॅमेऱ्यात मी उजेडाच्या मापाकडं न बघता चेहऱ्याकडं बघून भिंगाचं तोंड कमी-जास्त उघडत होतो. नवा कॅमेरा हातात आला, सगळं आपोआप होतं असं सांगितलं, आणि मी माझी अक्कल त्याच्या स्वाधीन करून मोकळा झालो. कारकून हसला तेव्हा मी गप्प बसलो, कारण क्षणभर मलाही वाटलं की आपल्या माणसांचंच काही असेल. त्याची मला आता शरम वाटते. चूक कॅमेऱ्याची नव्हती. माणसांची तर नाहीच नाही. माझी होती.

आता पुस्तकाबद्दल. पुस्तक चांगलं आहे पण अर्धवट आहे. त्यात म्हणतात की अधिकचं बटण दाबा, फोटो उजळेल. उजळतो, पण आपल्या लोकांची कपाळं चकाकतात आणि गाल सपाट होतात. त्या लेखकानं उन्हातान्हात राबलेला चेहरा जवळून पाहिलेलाच नाही. म्हणून मी भिंत सोडली. तुझ्या आईचं राखी रंगाचं जुनं लुगडं मागे टांगलं. फ्लॅश बंद. माणूस दाराच्या उजेडात जरा तिरपा बसवला आणि त्याच्या मांडीवर पांढरा पुठ्ठा ठेवला, म्हणजे हनुवटीखालचा आणि डोळ्यांच्या खोबणीतला अंधार जातो. मग अधिकचं बटण एकदा, लागलंच तर दोनदा. तुझी आई नमुना म्हणून रोज बसते आणि रोज कुरकुरते. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यात फोटो मात्र लपूनछपून बघून येते.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या १५ तारखेला कारखान्यात बसायचं ठरलं आहे. मला धाकधूक आहे. हे तुझ्या आईला सांगितलेलं नाही, तुला सांगतो.

पुस्तक निवडावं तर तुझ्यासारखं. आशीर्वाद तर तुझे आहेतच, आज आभारही घे.

तुझे,
दादा

*

सातारा
१६ ऑक्टोबर १९९९

तीर्थरूप दादांना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा घरमालकिणीला वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की आपली चूक मुलीला पत्रात लिहून कळवणारा बाप त्यांनी पाहिला नव्हता. मी म्हटलं, आमच्याकडे आहे एक.

एक काम सांगते. लुगडं, पुठ्ठा, दाराचा उजेड, किती वेळा बटण दाबायचं, हे सगळं एका कागदावर क्रमानं लिहून काढा. तुमच्याच भाषेत लिहा, पुस्तकी नको. तुम्ही म्हणता ना पुस्तक अर्धवट आहे? मग उरलेलं अर्धं तुम्हालाच लिहावं लागणार.

१५ तारखेला मला रजा नाही. दिवसभर माझं चित्त कुपवाडात असेल आणि पुस्तकं चुकीच्या कपाटात जातील. निकाल काय लागला ते त्याच दिवशी लिहा, आणि तो कसाही असला तरी तुमच्याबद्दलचा आदर यत्किंचितही हलणार नाही, एवढं या वेळी मायना म्हणून नव्हे तर खरोखर लिहिते.

तुमची,
प्रियंका

*

माधवनगर
१५ नोव्हेंबर १९९९

चि. प्रियंका हीस,
आशीर्वाद व जयभीम.

आताच कुपवाडहून आलो. हातपाय धुतले आणि लिहायला बसलो. चहा शेजारी आहे, तो निवला तरी चालेल.

साहेबांनी सांगितलं की आधी दहा फोटो बघू, मग पुढचं ठरवू. मी लुगडं टांगलं. तो कारकून आला, लुगड्याकडं बघून हसला. मी तुझ्या पुस्तकातलं चौथं प्रकरण उघडून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की हा गोरा साहेब काळा का आला, तेवढं वाचून ठेवा. पहिली फ्लॉपी भरली, सर्वांदेखत उजेडात काढली आणि कॉम्प्युटरमध्ये घातली. साहेब एकेक फोटो बघत गेले. दहावा झाल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले की मास्तर, सगळे तुम्हीच करा. कारकून जेवणाच्या सुट्टीत केस विंचरून रांगेत उभा होता. त्याचाही चांगला काढला. मुद्दाम चांगला काढला.

आज एकशेवीस झाले. उरलेले दोन दिवसांत होतील.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. लोखंड ओतायच्या वाळूच्या साच्यांवर काम करणाऱ्या दगडाबाई म्हणून एक आहेत. पन्नाशीच्या, रापलेल्या. पदर पुढं ओढूनच बसल्या. म्हणाल्या की काढा न्हाईतर नगा काढू, माजं तोंड फोटूत कवाच उमटत न्हाई. लग्नातल्या फोटोतसुद्धा नुसतं मुंडावळ्यांखाली काळं दिसतं म्हणे. मी पदर मागं घ्यायला सांगितला, पुठ्ठा हातात दिला आणि घाई केली नाही. फोटो काढून कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी तो पदरानं पुसला आणि परत बघितला. मला वाटलं, पुन्हा बिघडलं. मग हळूच म्हणाल्या की आवं मास्तर, ही तर माजी आई हाय. त्यांच्या आईचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. ती जाऊन वीस वर्षं झाली. आज त्यांना स्वतःच्या चेहऱ्यात ती दिसली. ओळखपत्रापुरता एक फोटो ठरला होता. मी त्यांना घरी लावायला मोठा करून देणार आहे. चौकट कोंडीबा घालतील. त्यांच्या नावावर मी पुस्तक मागवलं हे आज त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले की मग एखादं प्रकरण मलाही वाचून दाखवा.

मी तीस वर्षं हे काम केलं, पण आजच्याइतका ऊर कधी भरून आला नव्हता. तू सांगितलेलं लिहून काढलं आहे, सोबत चार पानं जोडली आहेत. अक्षर तेवढं सुधारून घे.

आता तुझी आई पत्र ओढून घेते आहे, म्हणून लोभाचं पुढच्या भेटीत बोलू.

तुझे,
दादा

*

सातारा
२ डिसेंबर १९९९

तीर्थरूप दादांना,
प्रियंकाचा अभिमानानं जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आमच्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत उभ्यानं वाचलं. दगडाबाईंपर्यंत आले आणि मला पुढचं नीट दिसेना. माझ्या वरिष्ठांनी विचारलं की घरी सगळं बरं आहे ना. मी तुमची चार पानंच त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती चष्मा बदलून दोनदा वाचली. म्हणाले की त्या बारीक पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयासाठी घेऊ आणि ही पानं त्यात चिकटवून टाकू. मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांना नाही म्हटलं, दादा. चिकटवलेलं पान निखळतं, हरवतं, आणि कुणी लिहिलं ते कुणालाच कळत नाही. मी ती चार पानं टंकलिखित करून घेतली, पुठ्ठ्याची बांधणी केली आणि वर नाव घातलं, ‘आपल्याकडचे चेहरे’. अक्षराची एक चूक सोडली तर तुमचा एकही शब्द बदललेला नाही.

ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी त्याचं कार्ड लिहितात. ते कार्ड लाकडी खणात लेखकाच्या नावानं लागतं, आणि त्यावर आडनाव आधी लिहायची पद्धत आहे. चार वर्षांत मी अशी हजारो कार्डं लिहिली. मोठमोठ्या लोकांची आडनावं या हातानं लिहिली, कधी काही वाटलं नाही. काल सकाळी नवं कार्ड घेतलं, पेनात शाई भरली आणि लेखकाच्या जागी लिहिलं: होवाळ, धनाजी रामू.

लिहिल्यावर लगेच खणात घालवेना. वाळेपर्यंत हातात धरून बसले.

तुमची वाचक आणि लेक,
प्रियंका धनाजी होवाळ